जाहिरात लागली तेव्हा

"वहिनी, टीव्हीवर इंग्रजी पाटी आलीय आणि ती काही केल्या हलंना!"

फोनवर कासाराची मंदा ओरडत होती. मी विळीवर बसलेली, हातात कांदा, फोन खांद्यानं कानाला दाबलेला. घरी पाहुणा येणार होता आणि पोह्यांची तयारी चालली होती.

"मंदे, वरूनच गेलंय," मी म्हटलं. "येईल थोड्या वेळात."

केबलवाल्याच्या बायकोला हे वाक्य हळदीच्या अंगानं घरात आल्या आल्या शिकवतात. आमचे हे, म्हणजे भास्कर तोडकर, गावाचे अण्णा, गच्चीवर पहिली डिशची छत्री लावली तेव्हापासून या धंद्यात. आणि तक्रारीचे फोन घ्यायचं काम पहिल्या दिवसापासून माझं. वायर उंदरानं कुरतडली तरी वरून गेलंय, माकडानं तोडली तरी वरून गेलंय, आणि हे पैसे भरायला विसरले म्हणून चॅनेल बंद झालं तरी वरूनच गेलंय. वर म्हणजे नक्की कुठं, ते मला कुणी विचारलं नाही आणि मलाही माहीत नाही. साताऱ्यात म्हणा, दिल्लीत म्हणा, नाहीतर ढगात.

फोन ठेवला आणि लगेच दुसरा वाजला. पोतदार गुरुजी. "टीव्हीवर पाटी आलीय." तो ठेवला की तिसरा. शेवटी मी विळी आडवी केली आणि आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "ऋतुजा! अगं बघ बाई, सगळ्या गावाच्या टीव्हीला एकदमच काय झालं ते!"

ऋतुजा माझी सून. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, सासऱ्याला मामा. आमचा अमोल पलटणीत, वर्षातून दोनदा घरी. ही इथं. कराडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली पोरगी. गावात इंटरनेट सुरू केलं ते यांनी, पण ज्या खोलीत दिवे लुकलुकतात आणि पंखे घुरघुरतात, त्या खोलीतलं कळायचं एकट्या हिला. हे खांबांवर वायरी ओढायचे, ही त्या वायरींत जीव घालायची. आणि गाव म्हणायचं, अण्णांचं नेट लई भारी.

तिनं आमचाच टीव्ही लावला. काळ्या पडद्यावर पांढरी पाटी. तिनं वाचली आणि कपाळाला हात लावला.

"आत्या, व्हिडिओच्या साइटवाले म्हणतायत, जाहिराती अडवायचं काहीतरी तुमच्याकडं चालू आहे. ते बंद करा, नाहीतर व्हिडिओ दिसणार नाही."

"आपल्याकडं?"

"आपल्या सगळ्या बॉक्सवर."

आता हे बॉक्स प्रकरण सांगायला पाहिजे. गावात जाधवांच्या घरी सत्यनारायण होता. भटजी दुसऱ्या गावात अडकले. जाधव म्हणाले, टीव्हीवर नेटची कथा लावू, देव काय नाही म्हणतोय. लावली. सगळे हात जोडून बसलेले, साधुवाण्याची नौका बुडायला लागलेली, जाधवांच्या म्हातारीच्या डोळ्यांत पाणी, आणि तेवढ्यात पडद्यावर एक दांडगा बाप्या गंजीफ्रॉक घालून नाचायला लागला. म्हातारीनं त्यालाच अक्षता टाकल्या. गाव महिनाभर हसलं, पण यांना ते लागलं. "माझ्या लाइनवर देवाच्या कथेत चड्डी-बनियन?" म्हणाले. आणि कोल्हापूरच्या कुणा डीलरकडून टीव्हीला नेट जोडायचे बॉक्स आणले, ज्यांच्यात जाहिरात गाळणारं ॲप आधीच टाकलेलं. घरोघरी बसवले. पारावर उभं राहून सांगितलं, "तोडकरांच्या बॉक्सवर जाहिरात दिसली तर मिशी उतरवीन!"

जुना केबलवाला तो. पूर्वी कॅसेटवर पिक्चर दाखवायचे तेव्हा मुंबईच्या जाहिराती हे स्वतः बटण दाबून पळवायचे आणि खाली गावातल्या किराणा दुकानाची पट्टी सरकवायचे. यांना वाटलं, हेही तसंच. ऋतुजानं तेव्हाच सांगितलं होतं, "मामा, ते चॅनेल आपलं नाही. ज्यांचं आहे त्यांना जाहिरातीवरच चालवायचंय. आज ना उद्या ते बंद पाडतील." हे म्हणाले, "आपल्या गावात कोण येतंय बघायला?"

आता कोण आलं ते दिसत होतं.

आणि दिवस कुठला? तर आमच्या हायस्कूलच्या पोरी खो-खोच्या राज्य स्पर्धेत फायनलला पोचलेल्या. जळगावला मॅच. त्याच साइटवर थेट दाखवणार होते, संध्याकाळी पाचला. गावातली एक चूल पेटणार नव्हती, सगळ्यांनी जेवणं आधीच उरकायचं ठरवलेलं. पोरींच्या आयांनी तर सकाळीच टीव्हीला हळदकुंकू लावलं होतं.

त्यात आमच्या घरचं वेगळंच. तो पाहुणा, ज्याच्यासाठी मी कांदा चिरत होते, तो मोठ्या कंपनीचा माणूस होता. देशमाने साहेब. आमची सगळी लाइन, खांब, गिऱ्हाईकं कंपनी विकत घेणार होती आणि हे त्या दिवशी सही करणार होते. का? तर मागं बघणारं कुणी नाही म्हणून. पोरगा पलटणीत, म्हणजे संपलं. ऋतुजा एकदा जेवताना हळूच म्हणाली होती, "मामा, मी बघते की." हे हसले. वाईट हसले नाहीत, लाडानंच हसले, पण हसले. "पोरी, गावात दहा जणांशी भांडावं लागतं. खांबावर कोण चढणार? बाईमाणसाचं काम नाही ते."

मी तेव्हा ताट आपटलं होतं. म्हटलं, "इतकी वर्षं गावाच्या शिव्या कुणी खाल्ल्या? फोनवर मी होते की तुम्ही? मी काय बाप्या आहे का?" पण आमचे हे एकदा ठरवलं की ठरवलं. ऋतुजा उठून त्या दिव्यांच्या खोलीत जाऊन बसली. तिचं मन त्या खोलीत किती गुंतलंय ते मला ठाऊक होतं. माहेरी जायची तरी रोज फोन करून विचारायची, "आत्या, हिरवा दिवा लागतोय ना?"

तर फोन वाजत होता आणि हे पारावरून धापा टाकत आले.

"काय झालंय? सगळं गाव माझ्या अंगावर आलंय."

ऋतुजानं सांगितलं. यांचा चेहरा उतरला, पण डोकं लगेच जुन्या वाटेनं धावलं. "सांगा, वरून गेलंय. साहेब अर्ध्या तासात येतोय. सही होईस्तोवर कुणाला काही कळता कामा नये. पुढचं कंपनी बघून घेईल."

"मामा, वरून काही गेलेलं नाही," ऋतुजा म्हणाली. "लाइन चांगली आहे. आपण टाकलेलं ॲप त्यांनी पकडलंय."

"मला माहीत आहे गं! पण गावाला कशाला सांगायचं?"

परत फोन. मी हात पुढं केला, तोवर ऋतुजानं उचलला. फोन जाधवांच्या म्हातारीचा. मला इथवर आवाज येत होता, "पोरी, नात खेळतीय माझी! काय झालंय?"

ऋतुजानं यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार, मी कांद्याच्या हातानं डोळे पुसले आणि मान हलवली. का हलवली ते देवाला ठाऊक.

"आजी," ती म्हणाली, "चूक आमची आहे. वरून काही गेलेलं नाही. जाहिराती दिसू नयेत म्हणून आम्ही जे टाकलं होतं, ते त्या लोकांनी बंद केलं. पण मॅच मी तुम्हाला दाखवणार. तुम्ही फक्त मारुतीच्या मंडपात या."

हे मटकन खुर्चीवर बसले. "संपलं! अगं, या धंद्यात 'चूक आमची' असं आजवर कुणी म्हटलेलं नाही!"

"मग आता म्हटलंय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मामा, तुम्हाला विकायचं असेल तर विका. मी आड येणार नाही. पण गावाला फसवून गेलो, असं लोकांनी तुमच्याबद्दल म्हणायला नको. आणि मॅच तर बुडायलाच नको."

यांनी मिशीला हात लावला.

प्रत्येक घरात जाऊन बॉक्स नीट करायचे म्हणजे आठवडा गेला असता. म्हणून तिनं ठरवलं, आमचा मोठा टीव्ही देवळाच्या मंडपात न्यायचा, त्याच्यावर साधं, सरळ ॲप लावायचं आणि जाहिराती आल्या तर येऊ द्यायच्या. टीव्ही उचलायला मी, ती आणि शेजारचा बाळू. हे मागून वायरीचं भेंडोळं घेऊन आले. चिडलेले होते, पण वायर दुसऱ्याच्या हातात देतील तर शप्पथ.

मग तिनं देवळाच्या भोंग्याचा माइक घेतला. गावात अजून कुणाची सून भोंग्यावर बोलली नव्हती. आरतीची घोषणासुद्धा बापेच करायचे.

"तोडकर केबलमधून ऋतुजा बोलतेय," आवाज सगळ्या आळ्यांतून घुमला. "सगळ्यांच्या बॉक्सवर पाटी आलीय. जाहिरात गाळायचं ॲप आम्ही टाकलं होतं, ते आता चालणार नाही. लाइनचा दोष नाही, चूक आमची आहे. सगळे बॉक्स मी नीट करून देणार आहे, पण इथून पुढं जाहिराती दिसतील, हे आत्ताच सांगते. पाच वाजता मॅच मारुतीच्या मंडपात. या."

आले. सगळं गाव आलं, पण राग घेऊन आलं. आधी पोतदार गुरुजी कडाडले, "अण्णा, जाहिरात नाही म्हणून तर तुमचा बॉक्स घेतला!" मागून कुणीतरी ओरडलं, "मिशीचं काय झालं?" सगळे हसले. यांची मान खाली. उभ्या आयुष्यात या माणसाची मान गावात खाली गेलेली मी पाहिली नव्हती, आणि मला रडूच आलं. म्हटलं, देवा, आज हे दाखवायला तरी नव्हतं पाहिजे.

"मिशी राहू द्या," ऋतुजा म्हणाली. "मामांनी गावासाठी केलं ते. कथेत चड्डी-बनियन नको म्हणून केलं. जमलं नाही, पण हेतू काय वाईट होता का?"

जाधवांची म्हातारी पुढं बसलेली. ती म्हणाली, "वाईट कशानं? मी त्या बनियनवाल्याला देव समजून नमस्कार केला होता मेल्याला!" आणि मंडपात हशा उसळला. या वेळचा हसण्याचा सूर वेगळा होता. यांनीही मान वर केली.

त्याच वेळी पांढरी गाडी थांबली आणि देशमाने साहेब उतरले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. गर्दी बघून त्यांना काय समजायचं ते समजलं. हुशार माणूस. यांच्याशी दोन शब्द बोलले आणि लगेच लोकांत फिरून कार्ड वाटायला लागले. "काळजी करू नका. आता आमची कंपनी येतेय. आमच्याकडे तुम्हाला असला त्रास होणार नाही."

ऋतुजा टीव्हीची वायर जोडत होती, तिथूनच म्हणाली, "साहेब, तुमच्या नेटवर त्या साइटच्या जाहिराती येत नाहीत?"

"येतात," साहेब म्हणाले. "त्या सगळ्यांच्याच येतात. पण आमची सर्व्हिस..."

"मग सारखंच झालं की."

लोक खसाखसा हसले. साहेबसुद्धा हसले. मी त्यांना पोह्यांची बशी दिली आणि खुर्ची दिली. पाहुणा तो पाहुणा.

मॅच लागली. आमच्या पोरी निळ्या ड्रेसात दिसल्या आणि मंडपात शिट्ट्याच शिट्ट्या. पण ऋतुजा टीव्ही लावून स्वस्थ बसली नाही. तिनं स्वतःचा मोबाइल काढला आणि लताबाईंना फोन लावला. लताबाई म्हणजे दिपालीची आई. दिपाली आमची सगळ्यात चपळ पोरगी, आणि लताबाई पोरींचं जेवणखाण बघायला संघाबरोबर जळगावला गेलेल्या.

"काकू, फोन बंद करू नका. मैदानाच्या कडेला उभ्या राहा आणि दिसेल ते मला सांगत राहा."

"का गं? तुम्हाला टीव्हीवर दिसतंय की!"

"थेट मॅच आहे, काकू. मध्ये जाहिरात लागली तर मैदान काही थांबत नाही."

मला तेव्हा त्याचा अर्थ नीटसा कळला नाही. पहिली जाहिरात लागली ती पोरी दमून पाणी पीत होत्या तेव्हा. लोकांनी "हात् तेरेकी" केलं, साबणाची वडी आली आणि गेली. कुणाचं काही बिघडलं नाही. दुसरी लागली तीही अशीच. मॅच मात्र रंगत गेली. समोरच्या पोरी उंचनिंच, आमच्या एवढ्या एवढ्याशा. पण पळायला लागल्या की हाताला लागतील तर खरं! ऋतुजा शाळेत असताना माहेरी खो-खो खेळलेली, त्यामुळे मध्येमध्ये तीच आम्हा बायकांना समजावून सांगत होती.

शेवटचा डाव आला. आमच्या पोरी एका गुणानं पुढं. समोरचा संघ पाठलागावर, आणि आमच्याकडून मैदानात उरली एकटी दिपाली. शिट्टी होईपर्यंत ती टिकली तर कप आपला. बाद झाली तर बरोबरी, आणि परत सगळं पहिल्यापासून. दिपाली पळाली, वळली, खांबाकडं झेपावली...

आणि पडद्यावर एक बाई दात दाखवत आली. टूथपेस्ट.

असा आरडाओरडा झाला म्हणता! कुणी पायताण उगारलं, कुणी टीव्हीला मारायला धावलं. गुरुजी उठून उभे राहिले आणि त्यांनी आमच्या यांच्याकडं असं बघितलं की आता हात टाकतात की काय. हे उठून टीव्हीच्या पुढं आडवे उभे राहिले. देशमाने साहेबांनी फाइल बंद केली.

तेवढ्यात भोंग्यातून ऋतुजाचा आवाज आला. तिनं एका कानाला मोबाइल लावला होता आणि दुसऱ्या हातात देवळाचा माइक होता.

"दिपाली खांबाला वळलीय! बाद नाही! बाद नाही!"

मंडप जागच्या जागी थांबला.

"काकू, सांगा पुढं. पोरगी कुठाय?" आणि मग माइकवर, "मधल्या पोरींच्या आतबाहेर करतेय! एकीच्या पुढनं, एकीच्या मागनं! साखळी खेळतेय दिपाली! समोरच्यांनी खो दिला! दुसरी उठली! हूल दिली, दिपालीनं हूल दिली! ती पोरगी पुढं गेली, दिपाली मागं!"

लताबाईंना खो-खोतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या तिकडून काय सांगत असतील? "निळी पळाली, लाल उठली, आता इकडं आली, आता पडते वाटतं." त्याचं ही इकडं मॅच करून सांगत होती. स्वतः खेळलेली होती, म्हणून अर्ध्या शब्दावरून तिला सगळं मैदान दिसत होतं. आम्ही तिच्या तोंडाकडं बघत होतो. टूथपेस्टच्या बाईकडं एकाचंही लक्ष नव्हतं.

आणि एकदम ऋतुजा गप्प झाली.

"काकू? काकू, काय झालं?"

सगळा मंडप पुढं सरकला.

"काकू, बोला ना!" मग तिनं डोळे विस्फारले. "काय? डोळे मिटलेत?"

पोटच्या पोरीला पळताना बघवेना म्हणून लताबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते!

"काकू, डोळे उघडा!" ऋतुजा माइक तोंडाशी आहे हे विसरून किंचाळली. "सगळं गाव तुमच्या डोळ्यांनी बघतंय! उघडा डोळे!"

"उघड गं लते!" जाधवांची म्हातारी इथून ओरडली. बायकांनी सुरू केलं, "लता, डोळे उघड! लता, डोळे उघड!" लताबाईंना ते फोनवरून ऐकू गेलं की काय कोण जाणे.

"उघडले!" ऋतुजा म्हणाली. "दिपाली कोपऱ्यात आहे. दोन पावलांवर आक्रमक आहे. हात टाकला, नाही लागला! परत टाकला..." तिचा आवाज फाटला. "शिट्टी! शिट्टी झाली! दिपाली नाबाद! जिंकलो! अहो, जिंकलो आपण!"

काय सांगू तुम्हाला! गुरुजींनी बाळूला उचललं. जाधवांच्या म्हातारीनं मारुतीच्या पायाशी लोटांगण घातलं. कुणीतरी देवळातला गुलाल आणला आणि उधळला. सगळं गाव नाचत होतं आणि पडद्यावर ती बाई अजून टूथपेस्टची नळी पिळत होती. जाहिरात संपून मैदान दिसायला लागलं तेव्हा पोरी कप घेऊन उड्या मारत होत्या, आणि तोवर आम्ही इकडं निम्मा गुलाल संपवला होता.

मी ऋतुजाकडं गेले. गुलालानं लाल झालेली, घामानं भिजलेली, आवाज बसलेला. मला बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आत्या, जमलं." मी तिला तिथंच, चारचौघांत, छातीशी धरलं. माझ्या पोटच्या पोरानं मेडल आणलं होतं तेव्हासुद्धा माझा ऊर असा भरून आला नव्हता, आणि हे मी अमोलला तोंडावर सांगितलेलं आहे.

गर्दी जरा ओसरली तशी एक गंमत झाली. कुणी सांगितलं नाही, पण ज्याच्या त्याच्या हातात बॉक्स. मंदा घरी पळत जाऊन आपला बॉक्स वायरीसकट घेऊन आली. मागं गुरुजी. मागं जाधवांचा पोरगा. मारुतीच्या पायरीवर रांगच लागली. ऋतुजानं तिथंच टेबल मांडलं आणि एकेक बॉक्स नीट करायला घेतला.

देशमाने साहेब रांगेतल्या गुरुजींना म्हणाले, "सर, आमच्याकडे यायचा विचार करताय ना? कार्ड दिलंय मी."

गुरुजींनी खिशातून कार्ड काढलं आणि परत दिलं. म्हणाले, "साहेब, तुमचं नेट चांगलं असेल, नाही म्हणत नाही. पण जाहिरात लागल्यावर तुमच्याकडनं कोण बोलणार?"

साहेबांनी कार्ड खिशात घातलं. फाइल उघडून ते आमच्या यांच्याकडं आले. कागद पुढं केले, पेनाचं टोपण काढलं. "अण्णा, उशीर होतोय. सही करून टाकू या का?"

ऋतुजाचे हात बॉक्सवर होते, पण ती ऐकत होती. मान वर केली नाही तिनं. आड येणार नाही म्हणाली होती, ती आली नाही.

यांनी कागद हातात घेतले आणि परत साहेबांच्या फाइलवर ठेवले. मग टेबलापाशी गेले. एका बॉक्सची वायर अडकून बसली होती आणि ऋतुजाला ती निघत नव्हती. यांनी वाकून ती सोडवली आणि तिच्या हातात दिली.

"मला का विचारता, साहेब?" वळून म्हणाले. "मालकांना विचारा."

"मालक?" साहेब गोंधळले. "मालक तर तुम्हीच ना?"

"होतो. पाच वाजेपर्यंत," हे म्हणाले आणि मिशी पिळत रांगेतल्या पुढच्या माणसाला ओरडले, "काय रे, बॉक्सची पिन आणलीस का? नसेल तर जा, घेऊन ये. मालकांचा वेळ घालवू नको!"

ऋतुजानं मान वर केली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि गुलाल ओघळून गालावर आला होता. पण आवाज नेहमीसारखाच. "साहेब, सगळे बॉक्स झाले की बोलू. पण उत्तर नाही असंच असणार आहे. उगाच थांबू नका."

साहेबांनी फाइल मिटली. चांगला माणूस, राग धरला नाही. जाताना माझ्या हातात पोह्यांची रिकामी बशी दिली. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आल्यासारखं थांबले.

"पोहे छान होते हो," म्हणाले. "आपण कोण? केबलच्या जुन्या मालकीणबाई का?"

मी पदर खोचला, ताठ उभी राहिले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मी मालकांची सासू!"